इंगळे काका आणि काकूंचं बटण

पहिल्या भेटीत बाईमाणसाला वय विचारणारा आणि तरीही पुढे कायम तिच्या मनात राहिलेला माणूस माझ्या ओळखीत एकच. चिखलीच्या कॉलेजात मला नोकरी लागली आणि सुखदेव इंगळे यांच्या वरच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या, त्या दिवसाची गोष्ट. सामान लावून झाल्यावर त्यांच्या बायकोने, निर्मलाकाकूंनी, चहाला खाली बोलावलं. पुढच्या खोलीत टीव्ही चालू होता. मी खुर्चीत टेकणार, इतक्यात काकांनी हात आडवा केला.

"थांबा मॅडम. वय किती तुमचं?"

मी अर्धवट टेकलेली पुन्हा उभी राहिले.

"बाई आहे हे दिसून राह्यलं, ते म्या टाकतो. वय तेवढं तुमाले सांगा लागन."

"अवो, पहिले पाणी तं पिऊ द्या तिले!" काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"पिऊ दे ना पाणी. पण नजर टीवीवर आहे त्यायची. बिना नोंदीच्या कशा पाहतीन?"

मी मुकाट्याने वय सांगितलं. त्यांनी हातातल्या रिमोटवर ते दाबलं, टीव्हीशेजारच्या एका काळ्या डब्यावर दिवा लागल्याची खात्री केली आणि मग मला बसायची परवानगी दिली. "काळजी करू नका. हे गुपित राहते. मुंबईले फक्त आकडा जाते, नाव नाही जात," असं वर म्हणाले. इतकी खात्री आमच्या प्राचार्यांनीसुद्धा मला कधी कशाची दिली नव्हती.

तो काळा डबा म्हणजे मीटर. टीव्हीवर काय किती लोक बघतात हे मोजायला एक कंपनी मोजकी घरं निवडते आणि त्या घरांतल्या टीव्हीला असं मीटर लावते. घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं एक बटण असतं. टीव्हीसमोर बसलं की आपलं बटण दाबायचं, उठलं की काढायचं. इंगळ्यांच्या घरात काका एक नंबर, काकू दोन नंबर, पुण्याला नोकरी करणारा मुलगा विनोद तीन नंबर, आणि आल्यागेल्यासाठी पाहुण्यांची बटणं; त्यांच्यासोबत वय आणि बाई की पुरुष, तेही टाकावं लागे. अशा घरांच्या बटणांवरून कुठली मालिका चालली आणि कुठली पडली ते ठरतं, जाहिरातींचे भावही त्यावरच ठरतात. आपल्या घरात मीटर आहे हे कोणाला सांगायचं नाही, असा कंपनीचा कडक नियम होता. काकांनी तो तंतोतंत पाळला. त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. फक्त घरात येणाऱ्या प्रत्येकाला ते वय विचारत असल्यामुळे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

दुसरं कोणी असतं तर दोन महिन्यांत कंटाळून बटणं विसरलं असतं. पण काकांची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली होती. उंच, काटकुळे, घरातसुद्धा पाय जरा फाकवून उभे राहायचे, जणू फरशी कधीही हलेल. आवाज मागच्या बाकापर्यंत पोचेल असा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सदऱ्याला दोन खिसे लागायचेच. आपल्या गाडीत बिनतिकिटाचा माणूस कधी सापडला नाही, हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा अभिमान, आणि तो ते दर आठवड्याला निदान एकदा बोलून दाखवायचे. तपासणीला आलेले साहेब आपल्या गाडीत चढायचे ते फक्त चहा प्यायला, असंही म्हणायचे. हे काकूंना खरं वाटत नसे.

"गाडीत बसला म्हणजे तो मोजला गेला पाह्यजे," ते मला सांगायचे. "नाही मोजलं तं त्या माणसाचा अपमान आहे मॅडम. तो होता, अन् कागदावर नव्हता. असं कसं चालीन?"

तर संध्याकाळी साडेसातला टीव्ही लागला की काका दाराच्या चौकटीला टेकून विचारायचे, "कोण कोण आहे?" मी जिन्यावरून उतरत असले तरी मला विचारायचे. कोणी पाणी प्यायला उठलं की त्याचं बटण काढायचे, तो परत आला की लावायचे. त्यांच्या साडूंना तर मधुमेहामुळे सारखं उठावं लागे. त्यांनी शेवटी इंगळ्यांकडे टीव्ही बघणं सोडून दिलं.

एकदा क्रिकेटचा मोठा सामना होता आणि गल्लीतली वीज एका बाजूची गेली. इंगळ्यांकडची होती. माणसं लोटली. काका दारात उभे राहिले आणि एकेकाला वय विचारून आत सोडू लागले. पाहुण्यांची बटणं संपली तेव्हा त्यांनी दोन्ही हात पसरून दार अडवलं.

"झालं! आता जागा नाही!"

"अवो काका, खाली अख्खी सतरंजी मोकळी आहे," बाहेरून कोणीतरी म्हणालं.

"सतरंजी आहे बे, बटण नाही."

बाहेर राहिलेल्यांनी मग खिडकी गाठली. गजाला तोंडं लावून ती मंडळी सामना बघू लागली, आणि काकांचा जीव खालीवर. ही सगळी माणसं बघताहेत आणि मोजली जात नाहीत! त्यांनी सरळ जाऊन पडदा ओढला. बाहेर असा आरडाओरडा झाला की आतल्या लोकांना वाटलं विकेट पडली. काकू स्वयंपाकघरातून आल्या, एक शब्द न बोलता पडदा पुन्हा सरकवला आणि खिडकीतून बाहेर शेवेची परात दिली. काका उरलेला सामना भिंतीकडे तोंड करून उभे होते. आपण जिंकल्यावर सगळे नाचले, काकांनी मात्र गुन्हा केल्यासारखा चेहरा करून एकेकाचं बटण काढलं.

काकूंबद्दल सांगितल्याशिवाय काका पुरे होत नाहीत. बुटक्या, गोल, बोलायला पक्क्या. त्या संग्रामपूरकडच्या, आणि माहेरचा विषय निघाला की सातपुड्याचा डोंगर स्वतः बांधल्यासारखं बोलायच्या. दिवसभर राबून रात्रीच्या मालिकेला बसल्या की त्यांचा डोळा लागायचा. पहिल्यांदा असं झालं तेव्हा काकांनी त्यांना हलवून जागं केलं.

"झोपली असशीन तं बटण काढतो."

"काऊन काढता? गाडीत झोपलेल्या माणसाचं तिकीट लागते का नाही लागत?"

काकांनी रिमोट खाली ठेवला. मुद्दा बिनतोड होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला. राठोड त्यांचं नाव, महिन्या-दोन महिन्यांनी मीटर तपासायला यायचे. राठोडांनी सांगितलं की झोपलेला माणूस बघत नाही, त्याचं बटण काढावं. तेव्हापासून एक अजब प्रकार सुरू झाला. काकूंची मान कलली की काका हळूच दोन नंबर काढायचे, आणि काकूंनी डोळे उघडले की पुन्हा लावायचे. मालिकेत काय चाललंय याचा काकांना पत्ता नसे. नायिकेचं लग्न कोणाशी ठरलं ते त्यांना कधीच सांगता आलं नाही. त्यांची नजर सगळा वेळ काकूंवर. एखादा नवरा बायकोकडे रोज संध्याकाळी इतका वेळ एकटक बघत असलेला मी तरी दुसरा पाहिला नाही. आणि मला ते बघायला फार आवडायचं, म्हणून वर माझा स्वतःचा टीव्ही असूनही मी खाली जाऊन वय सांगत बसायचे.

मग काकू अंगणात घसरल्या आणि त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मागच्या खोलीत पलंग, पलंगावर काकू, आणि महिनाभर उठायचं नाही. विनोद पुण्याहून आला. आईला कंटाळा येऊ नये म्हणून त्याने घरात वायफाय घेतलं, तिला मोठ्या पडद्याचा मोबाईल दिला, काही अ‍ॅप टाकून दिली, कानात घालायचे इयरफोन दिले आणि परत गेला.

पहिल्या आठवड्यातच घोटाळा झाला. आठच्या ठोक्याला काका पुढच्या खोलीतून ओरडले, "निर्मला, लागलं तुवं! आवाज वाढवतो, आयकू येते काय?"

"पाह्यलं म्या ते," आतून आवाज आला. "सकाळीच पाह्यलं. तो पोरगा तिच्या बापाचा नाही निघत."

काका रिमोट हातात धरून तसेच उभे. मी तिथेच होते. "आठची सकाळी कशी आली?" त्यांनी मला विचारलं. मी समजावलं की मोबाईलवर ते आधीच टाकतात, ज्याला जेव्हा हवं तेव्हा बघता येतं.

"म्हणजे टाइमटेबल नाही?"

"नाही."

"अन् ती पाहते ते कोठी मोजलं जाते?"

मी म्हटलं, त्या अ‍ॅपवाल्यांना कळत असेल, पण आपल्या मीटरला नाही. काकांनी टीव्हीकडे पाहिलं, मग मागच्या खोलीच्या दाराकडे. त्या संध्याकाळी डब्यावर दोन नंबरचा दिवा लागला नाही.

गुडघा बरा झाला. काकू काठी घेऊन घरभर फिरू लागल्या, भाकरी थापू लागल्या, माझ्या कपड्यांच्या रंगांना नावं ठेवू लागल्या. पण संध्याकाळी त्या पुढच्या खोलीत आल्या नाहीत. काम आटोपलं की मागच्या खोलीत जायच्या, दार लोटून घ्यायच्या. काका चौकटीला टेकून "कोण कोण आहे?" विचारायचे तेव्हा खोलीत बहुतेक मीच असायची. कधी मीही नसायची. मग ते स्वतःचंच बटण दाबून बातम्या लावून बसायचे. ते कधी तक्रार करत नसत, पण त्या दिवसांत आवाज मागच्या बाकापर्यंत जाईनासा झाला.

काकू काय बघायच्या ते मला माहीत होतं. एका दुपारी मला जवळ बसवून त्यांनी दाखवलं. कुठल्यातरी लांबच्या देशातल्या प्रेमाच्या गोष्टी, हिंदीत बोलणाऱ्या. गोरीगोमटी पोरं, बर्फ, छत्र्या, आणि पंधरा भाग झाले तरी एकमेकांचा हात न धरलेली माणसं. काकू बघता बघता डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या.

"ह्यायले सांगू नको," त्या म्हणाल्या. "नातू खेळवायच्या वयात बाई प्रेमाचं पाहते म्हणतीन. तसे ते वाईट नाहीत माय. पण मांडीवर रिमोट घेऊन बसतीन, डोळा पुसला तरी पाहतीन. मी काय पाहते, कवा हासते, कवा रडते, सगळं जगाले काऊन समजलं पाह्यजे?"

दोघांचंही खरं होतं, आणि मी दोघांच्याही हातचा चहा पिणारी.

काकांनी शेवटी एक तोड काढली. काकू पुढे येत नाहीत तर टीव्ही मागे न्यायचा. पण मीटर असलेला टीव्ही कंपनीला विचारल्याशिवाय हलवता येत नाही, म्हणून त्यांनी राठोडांना बोलावलं. मी पाण्याच्या मोटरचं सांगायला खाली गेले तेव्हा राठोड नुकतेच आले होते. काका अगदी घाईने त्यांना मागची भिंत दाखवायला निघाले, पण राठोड बसून राहिले. ते जरा अवघडलेले दिसत होते.

"काका, टीव्ही हलवायचं राहू द्या. मी दुसऱ्याच कामानं आलो," ते म्हणाले. "तुमच्या घरच्यायचं संध्याकाळी एकच बटण दिसून राह्यलं. बऱ्याच घरी असंच झालं. पहिले कसं होतं, आठ वाजता टीव्हीवर काय आहे ते आम्हाले माहीत असायचं. समोर कोण बसलं एवढंच विचारा लागे. आता उलटं झालं. घरात चार मोबाईल, चौघांचं वेगळं, वेळ वेगळा. म्हणून कंपनीनं नवीन मीटर काढलं. ते तुमच्या वायफायले लागते. कोणत्या मोबाईलवर काय चालू आहे, किती वेळ चालू आहे, सगळं आपोआप मोजते. बटण दाबायचं कामच नाही."

काकांचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांनी त्यांचा आवाज पूर्वीसारखा भरला.

"म्हणजे हिचंही मोजलं जाईन?"

"हाव. पूर्ण."

"पण मोबाईल कोणाच्या हातात आहे, ते कसं समजीन?"

"ते वरतून अंदाज काढतात. घरात कोण कोण आहे, वय काय, कोणत्या टाइमाले काय पाहतात, त्यावरून."

"अंदाजानं?" काका थबकले. अंदाजाने तिकीट फाडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पण काकू पुन्हा मोजल्या जाणार, या आनंदापुढे त्यांनी तेही गिळलं. "बरं, हिचा मोबाईल हीच पाहते. तिथं अंदाजाची गरज नाही. लावा तुमी."

"घरातल्या मोठ्या माणसांची सगळ्यायची परवानगी लागते काका. काकूंची बी. नाही लावलं तं मात्र…" राठोडांनी टीव्हीशेजारच्या डब्याकडे पाहिलं. "एका बटणाचं घर कंपनी ठेवत नाही. हे घेऊन जा लागन मले."

काकांनी हाक मारली. काकू काठी टेकत दारात आल्या. राठोडांनी त्यांना सगळं पुन्हा सांगितलं. काका मध्ये मध्ये मान हलवत होते, एखाद्याला बक्षीस मिळाल्याची बातमी आपणच आणली असावी तसे.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग राठोडांना म्हणाल्या, "मले नाही मोजून घ्यायचं भाऊ."

"निर्मला," काका म्हणाले, "नाव नाही जात. फक्त आकडा जाते."

"आकडा बी नाही जाऊ द्यायचा मले." काकूंचा आवाज चढला नव्हता, पण काठीवरचा हात घट्ट झाला होता. "लग्न झालं तवापासून मी मोजल्याच जाऊन राह्यली. तुमचा राग नाही. तुमी जीव लावूनच मोजलं. पण तो मोबाईल आला अन् पहिल्यांदा मले कोणाले न सांगता काही पाहता आलं. हासली तं मलेच माहीत. रडली तं मलेच माहीत. तेवढं राहू द्या ना माह्याजवळ."

राठोड स्वतःच्या बुटांकडे बघत होते. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं आणि पाय निघत नव्हते. काका काकूंकडे बघत होते. इतकी वर्षं रोज संध्याकाळी ते त्यांच्याकडे बघत आले होते, डोळे मिटले की उघडे हे बघत. त्या क्षणी मात्र त्यांना पहिल्यांदा दुसरंच काहीतरी दिसलं असावं.

मला माहीत होतं, तो डबा गेला की काकांकडे काय उरणार. त्या डब्यामुळे ते निवृत्त झालेच नव्हते. संध्याकाळ झाली की त्यांची ड्यूटी सुरू व्हायची. त्यांच्यासाठी काकूंनी 'हो' म्हणून मानही तुकवली असती, ते जरा अडून बसले असते तर. त्या तशा त्यांचं पुष्कळ ऐकायच्या.

काका उठले. टीव्हीपाशी गेले. डब्यावरची धूळ त्यांनी सदऱ्याच्या बाहीने पुसली, म्हणजे धूळ नव्हतीच, रोज पुसायचेच ते.

"काढा राठोड साहेब," ते म्हणाले. "चहा घ्या, अन् मग काढा."

काकू आत वळल्या आणि चहाचं आधण ठेवलं. राठोड स्क्रू काढत होते तेव्हा काका त्यांना वायरी धरायला मदत करत होते. रिमोट मात्र त्यांनी अगदी शेवटी दिला, दोन्ही हातांनी.

त्यानंतरचे दिवस बघवत नव्हते. काका टीव्ही लावायचे आणि त्यांचा उजवा हात खुर्चीच्या हातावर काहीतरी शोधत राहायचा. एकदा मी खाली गेले तर ते "कोण कोण—" म्हणाले आणि मध्येच थांबले. "बसा मॅडम, बसा. आता काई नाही विचारत." मी म्हटलं, काका, विचारा ना, मला चालेल. ते हसले, पण विचारलं नाही. पुढे पुढे टीव्ही लागेनासाच झाला. संध्याकाळी ते बसस्टँडवर जाऊन बसायला लागले.

माझी बदली मलकापूरला झाली. सामान टेम्पोत चढलं होतं आणि वरच्या खोल्यांची किल्ली द्यायला मी खाली उतरले. पुढच्या खोलीत कोणी नव्हतं. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि त्या दाराबाहेर काका उभे होते. एका हातात दोन कप एकात एक अडकवलेले, दुसऱ्या हातात चहाची किटली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोच्या खोलीबाहेर ते पाहुण्यासारखे उभे होते. मला त्यांनी पाहिलं नाही.

त्यांनी किटलीच्या बुडाने दारावर हळूच टकटक केलं.

"येऊ काय मी?"

आतून लगेच उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, दारही ढकललं नाही. काका वाट बघत राहिले, आणि बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत असतानाही मी वाट बघत राहिले. मग पलंग करकरला, कोणीतरी सरकल्यासारखा.

"या," काकू म्हणाल्या. "या, बसा. जागा आहे."